सातपुड्याचं पाणी, जमिनीखालून

रायपूरच्या जुन्या वस्तीने पाणी उघड्यावर साठवलं. बुढा तलाव त्याची खूण. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरला गेलात, तर उलटा प्रकार दिसेल. तिथलं पाणी पाहायला जमिनीत उतरावं लागतं.

कुंडी भंडारा ही 1615 च्या सुमाराची मुघलकालीन योजना. तापी शेजारून वाहते, पण शत्रूने नदीत विष कालवलं तर? म्हणून सातपुड्याच्या उतारावर झिरपणारं पाणी बोगद्यात अडवून शहराकडे वळवलं. इराणातल्या ‘कनात’ नावाच्या भूमिगत कालव्यांचंच हे तंत्र. ना मोट, ना रहाट. बोगद्याला अगदी हलका उतार: जास्त दिला तर पाणी तळ खरवडतं, कमी दिला तर गाळ साचतो. ही मोजणी त्या काळी झाली, हे मला ताजमहालापेक्षा थोर वाटतं.

वरून ओळीने दिसणाऱ्या विहिरी म्हणजे कुंड्या. खोदताना माती त्यांतूनच वर काढली. आता त्यांतून हवा खेळते. एका कुंडीत लिफ्ट बसवली आहे. खाली भिंतींवर पांढुरके थर दिसतात. मातीतून मुरताना पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळतो आणि ते आम्लधर्मी पाणी खडकातला चुना विरघळवतं. बोगद्यात मोकळी हवा लागताच वायू उडून जातो, चुना भिंतीला चिकटतो. बस्तरच्या कुटुमसर गुहेतले लोंबते खांबही असेच घडले. तिथे ते सौंदर्य. इथे मात्र थर वाढला की पाण्याची वाट अरुंद होते, झिरपा बुजतो. 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत नाव आलं, तरी साफसफाई काही टळत नाही.