पीक विम्याची मुदत आधीच का संपते?

जुलैच्या अखेरच्या आठवड्यात पावसाने ताण दिला, की गावोगावच्या सामूहिक सेवा केंद्रांपुढे विम्यासाठी रीघ लागते. महिनाभर कोणी फिरकलेले नसते. मग शेवटच्या दिवशी यंत्रणा मंदावते, कागद अपुरे पडतात आणि काही जणांस रित्या हाताने परतावे लागते. अशा वेळी एक प्रश्न हमखास ऐकू येतो : आणखी महिनाभर नोंदणी चालू ठेवली, तर कोणाचे काय बिघडणार आहे? या प्रश्नास नीट उत्तर दिले पाहिजे.

समजा, शंभर शेतकऱ्यांनी प्रत्येकी एका हेक्टराचा सोयाबीनचा विमा उतरविला व विमा संरक्षित रक्कम ५०,००० रुपये आहे. शेतकऱ्याचा वाटा दोन टक्के, म्हणजे १,००० रुपये. खरा हप्ता याहून बराच अधिक असतो व वरचा भार केंद्र व राज्य शासन उचलते. पेरणीच्या सुमारास कोणाचे पीक साधेल व कोणाचे बुडेल हे कोणासच ठाऊक नसते. म्हणूनच सर्वांचे पैसे एकत्र येतात व बुडालेल्यांच्या उपयोगी पडतात. आता नोंदणी सप्टेंबरपर्यंत खुली ठेवली असे धरा. ज्यांचे पीक साधले ते येणार नाहीत. ज्यांचे गेले तेवढेच येतील. आलेल्या प्रत्येकास ५०,००० द्यावयाचे, तर प्रत्येकाकडून हप्ताही ५०,०००च घ्यावा लागेल. त्यास विमा कोण म्हणेल?

माणसांच्या आरोग्य विम्यातही हीच अडचण येते. अमेरिकेत स्वतःची शेती करणाऱ्यास मालकाकडून मिळणारा विमा नसतो. तो त्यास स्वतःच घ्यावा लागतो. तेथील न्यूयॉर्क राज्याने १९९३ मध्ये नियम लागू केला, की प्रकृती कशीही असली तरी विमा नाकारू नये व दरही सर्वांस सारखाच लावावा. हेतू उत्तम होता. परंतु विमा घेणे सक्तीचे नव्हते व तो वर्षात केव्हाही घेता येत असे. धडधाकट माणसे दूर राहिली, हप्ते चढत गेले आणि विमेदार घटत गेले. २०१० च्या राष्ट्रीय कायद्याने विमा नाकारण्यास देशभर बंदी केली, तेव्हा नोंदणीस ठराविक मुदतही घातली. पहिली मुदत १ ऑक्टोबर २०१३ ते ३१ मार्च २०१४ अशी होती. २०२६ सालच्या विम्यासाठी बहुतेक राज्यांत ती १ नोव्हेंबर २०२५ ते १५ जानेवारी २०२६ अशी होती. मधल्या काळात विवाह झाला, मूल जन्मले अथवा नोकरीबरोबर विमा गेला, तर सामान्यतः साठ दिवसांची सवलत मिळते. नुसते आजारी पडणे हे मात्र सवलतीचे कारण धरले जात नाही.

पीक विम्यास असे आडदार नाही. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरिपाची नेहमीची अंतिम तारीख ३१ जुलै असते. खरीप २०२५ मध्ये बिगर कर्जदारांसाठी ती १४ ऑगस्टपर्यंत वाढविली गेली, हे खरे. तथापि वाढीव मुदतीच्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नव्हे. शिवाय अशी वाढ वारंवार मिळू लागली, तर आभाळाकडे पाहून मग अर्ज करणाऱ्याचे फावते आणि वेळेवर हप्ता भरणाऱ्यावर अन्याय होतो. दुसरी बाजूही विसरता येत नाही : ज्याचा अर्ज केवळ यंत्रणा बंद पडल्यामुळे राहिला, त्याची तक्रार रास्तच आहे.

यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्याने पेरण्या सुरू होताच कामास लागावे. सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचे पासबुक व शेतकरी ओळख क्रमांक ही सर्व एकदा तपासून घ्यावीत. आधारवरील व बँकेतील नावांत एका अक्षराचा फरक असला, तरी शेवटच्या दिवशी तो सुधारता येत नाही. काही अर्ज अडतात ते येथेच. खरीप २०२० पासून ही योजना कर्जदारांसही ऐच्छिक झाली आहे. परंतु ज्या कर्जदारास विमा नको असेल, त्याने मुदतीच्या किमान सात दिवस आधी बँकेस तसे लेखी कळविले पाहिजे. न कळविल्यास हप्ता खात्यातून वळता होतो. पाऊस लांबल्याने सोयाबीनऐवजी तूर पेरली, तर तो बदलही मुदतीच्या आतच कळवावा. ई-पीक पाहणीत एक पीक व विमा अर्जात दुसरे असे आढळल्यास अर्ज बाद होऊ शकतो.

पावती हाती येताच गट क्रमांक, क्षेत्र व पिकाचे नाव केंद्रावरच वाचून पाहावे. ज्यास वाचता येत नाही, त्याची पावती कार्यकर्त्याने वाचून दाखवावी. चूक आढळली तर ती दुरुस्त करून घेण्यास तोवर दिवस शिल्लक असतात.