घरात व्हीआर हेडसेट लावताना

२०२३ मध्ये आलेल्या मेटा क्वेस्ट ३ या हेडसेटला संगणक लागत नाही. मोबाइलवरचं अ‍ॅप आणि वाय-फाय पुरतं. उभ्याने खेळायला साडेसहा फूट लांब-रुंद मोकळी जागा हवी. कळमनुरीतल्या घरात बैठकीतली खाट भिंतीला सरकवली की तेवढी जागा निघते; पंख्याला हात लागत नाही ना, तेवढं पाहावं. खोलीत उजेड हवा, कारण हेडसेटचे कॅमेरे त्यावरच चालतात. पण मराठवाड्याचं ऊन भिंगांवर मुळीच पडू देऊ नये! भिंग किरणं एकवटतं आणि आतला पडदा कायमचा डागाळतो. चित्र पुसट दिसलं, तर खालचं चाक फिरवून भिंगांमधलं अंतर डोळ्यांना जुळवावं. पहिला खेळ जागेवरून खेळायचा घ्यावा. ‘बीट सेबर’ सर्वांत उत्तम. धावण्या-उडण्याच्या खेळांनी नवख्याला मळमळतं. दहा वर्षांखालच्या मुलांना हेडसेट देऊ नये.