हिरड्याचा भाव आणि संस्थांची संस्था

आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या उगमाजवळ सह्याद्रीच्या कड्यावर वसलेले आहुपे आणि जुन्नरचा पश्चिम पट्टा येथील महादेव कोळी कुटुंबांना पावसाळ्याच्या तोंडावर रोख पैसा मिळवून देतो तो बाळहिरडा, म्हणजे आठळी टणक होण्यापूर्वीच उतरवलेले हिरड्याचे कोवळे फळ. उन्हात वाळून ते काळे, सुरकुतलेले व कडक झाले की पोत्यांत भरतात; मात्र वळवाची एक सर पडली तरी त्याला बुरशी धरते, त्यामुळे ज्याच्याकडे कोरडे गोदाम आणि खेळता पैसा नाही, त्याला दारात येणाऱ्या पहिल्याच व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने माल द्यावा लागतो.

जी अडचण घराची, तीच गावच्या सोसायटीची. कर्जपुरवठ्यापासून वनोपजाच्या खरेदीपर्यंतची कामे करणारी आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्था माल तोलून घेऊ शकते, पण तो साठवून ठेवण्याइतके भांडवल तिच्यापाशी क्वचितच असते. अशा संस्थांनी मिळून उभारलेल्या वरच्या संस्थेला 1960 चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 'संघीय संस्था' म्हणतो, आणि तिच्या सभासदांत किमान पाच संस्था असाव्या लागतात. 1972 साली स्थापन झालेले, नाशिकला मुख्यालय असलेले आदिवासी विकास महामंडळ याच साखळीच्या टोकाशी आहे: गावच्या संस्थांनी खरेदी केंद्रे चालवून कमिशन घ्यायचे, आणि साठवण, वाहतूक व विक्री महामंडळाने सांभाळायची.

साखरेच्या क्षेत्रातही अशी संस्थांची संस्था आहे. याच दोन तालुक्यांच्या बागायती पूर्व भागात सहकारी साखर कारखाने आहेत. राज्यातील अशा कारखान्यांनी 1975 साली पुण्याजवळ मांजरीला संशोधन संस्था उभी केली, तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. एकट्या कारखान्याला न परवडणारे बेणे-संशोधन व तांत्रिक सल्ला तेथून सर्वांना मिळतो. महामंडळाशी तिचा फरक पैशाच्या उगमात आहे. कारखाने स्वतः वर्गणी भरतात, म्हणून त्यांच्या शब्दाला तेथे वजन असते. महामंडळ मुख्यतः शासनाच्या पैशावर चालते, म्हणून हिरड्याचे केंद्र उघडायचे की नाही हे आहुप्यात ठरत नाही, आणि केंद्र बंद राहिले की व्यापारी पुन्हा दारात येतो.

1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील गौण वनोपजाची मालकी ग्रामसभांकडे दिली, आणि विदर्भात अनेक ग्रामसभा एकत्र येऊन तेंदूपानांचा लिलाव करू लागल्या. हिरड्याला मात्र लिलावाआधी कोरडे गोदाम लागते, आणि ते बांधणे एका ग्रामसभेच्या आवाक्यातले नाही.