नॉटिंगहॅमचे राखीव तोफची

राखीव सैन्य म्हणजे संख्या भरण्यापुरती दुय्यम फौज, हा समज साउथ नॉट्स हुसार्स या ब्रिटिश रेजिमेंटच्या इतिहासापुढे टिकत नाही. फ्रान्सच्या स्वारीची धास्ती असताना, १७९४ साली, नॉटिंगहॅमच्या परिसरात स्वयंसेवकांचे हे घोडदळ उभे राहिले. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अशा घोडदळांपैकी सर्वांत ज्येष्ठ चौदांकडेच घोडे ठेवले. बाकीच्यांना नवी कामे नेमून दिली. हुसार्सच्या वाट्याला १९२२ मध्ये तोफा आल्या. दिवसभर नोकरीधंदा सांभाळायचा, संध्याकाळी कवायतीला जायचे आणि वर्षातून एकदा छावणीत राहायचे. एवढ्याने तोफची घडतो का, ही शंका रास्त आहे. पण तोफखान्याचे काम कसे चालते ते पाहावे. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस पाउंडर तोफेवर सहा जण राबत आणि लक्ष्य त्यांना बहुधा दिसतही नसे. पुढे बसलेला निरीक्षक खबर देतो, मागे पल्ल्याचा हिशेब होतो, मग गोळा सुटतो. यात आकडेमोड लागते, यंत्राची जाण लागते आणि त्याहून जास्त लागतो एकमेकांवरचा भरवसा. हे गुण माणसे आपल्या कामधंद्यातून आणि एका गावच्या ओळखीतून घेऊनच येत होती.

रेजिमेंट जानेवारी १९४० मध्ये पॅलेस्टाइनला गेली आणि १९४१ मध्ये लिबियातील टोब्रुकच्या वेढ्यात ऑस्ट्रेलियन पायदळाच्या पाठीशी लढली. तोवर ही माणसे पूर्णवेळ सैनिक झाली होती, मग श्रेय राखीव पद्धतीला कशाला, असे कोणी म्हणेल. पण राखीव दलाकडून अपेक्षा असते ती हीच: युद्ध पेटल्यावर ज्यावर फौज उभारता येईल असा जुळलेला सांगाडा शांततेतच तयार असावा.

खरी कसोटी लागली ६ जून १९४२ रोजी, लिबियातील नाइट्सब्रिजजवळ. ब्रिटिश रणगाडे माघारी गेले, तोफा तिथेच राहिल्या आणि जर्मन सेनापती रोमेलच्या रणगाड्यांनी त्यांना घेरले. तोफा हातच्या जाईपर्यंत मारा चालू राहिला. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल विल्यम सीली मारले गेले. बाकीचे बहुतेक मेले किंवा कैद झाले. १० वी भारतीय पायदळ ब्रिगेडही याच लढाईत मोडली. हा पराभव राखीव सैनिकांच्या कच्चेपणावर ढकलता येत नाही, कारण नाइट्सब्रिजच्या त्याच घेऱ्यात नियमित सैन्याच्या तोफखाना रेजिमेंटही संपल्या. एका गावची माणसे एका तुकडीत घातली, की एका दिवसाचा घाव त्या एकाच गावावर पडतो. या पद्धतीचा हा दोष मात्र खरा आणि फार क्रूर आहे. पण त्या दिवशी चुकले ते रणगाडे, पायदळ आणि तोफा एकत्र लढवू न शकलेले वरिष्ठ. नॉटिंगहॅमच्या तोफच्यांनी आपले काम चोख केले होते.