कर्करोगाची भीती आणि चार गटांचा प्रयोग

दसरा झाला की बीड जिल्ह्यातली गावे रिकामी होऊ लागतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचे. तेथे एक दिवस काम बुडाले की खाडा, म्हणजे दंड! अशा वेळी अंगावरून पांढरे जाऊ लागले, ओटीपोटात दुखू लागले, तर बाईने काय करावे? 'पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल,' असे डॉक्टरांनी बजावल्याचे कित्येकींनी सांगितले. २०१९ साली शासकीय समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले.

ही भीती कितपत खरी? पांढरे जाणे हे बहुधा साध्या जंतुसंसर्गाचे लक्षण असते. ते औषधाने बरे होते. गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो तो एचपीव्ही या विषाणूमुळे. हा शोध लावणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू आपोआप नाहीसा होतो. जेथे तो ठाण मांडतो तेथील पेशी बिघडतात. पण बिघाडाचा कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. तेवढ्या अवधीत बिघाड सापडला, तर तेवढाच भाग गोठवून किंवा कापून काढता येतो. गर्भाशय जागच्या जागी राहते.

पण खेड्यात तो शोधायचा कसा? याचे उत्तर बीडला लागून असलेल्या धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यात मिळाले. शेजारच्या बार्शीत १९८७ पासून भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू होती, म्हणजे रोगी मोजण्याची सवय होती. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर प्रयोग केला. खेड्यांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत वाटणी झाली. एका गटात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची तपासणी, तिसऱ्यात पातळ ॲसेटिक आम्ल (व्हिनेगारमध्ये असते तेच) लावून पांढरा पडणारा भाग डोळ्यांनी पाहणे. चौथ्या गटाची तपासणी नव्हती.

सुमारे आठ वर्षांनी हिशेब झाला. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी या कर्करोगाने दगावल्या. विषाणूचाचणीच्या ३४,१२६ जणींच्या गटात ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले! उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मात्र आम्लाची तपासणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण जी बाई वर्षातले पाच-सहा महिने उसाच्या फडात असते, तिला दर दोन वर्षांनी गाठणार कोण?

या प्रयोगाचा पैसा अमेरिकेतील गेट्स प्रतिष्ठानाचा होता. प्रश्न आपल्या खेड्यांचा आणि खर्च परक्यांचा, हे खटकण्यासारखे आहे. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवले, यावरही पुढे कडाडून टीका झाली. संशोधकांचे म्हणणे असे की, तेव्हा त्या भागात नेहमीची तपासणी नव्हतीच.

निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटना आज विषाणूचाचणीचीच शिफारस करते; तिचा नमुना बाईला स्वतःही घेता येतो. भारत सरकारने २०१६ साली खेड्यांसाठी मार्गदर्शिका काढली, तिच्यात मात्र आम्लाचीच तपासणी आली. ती स्वस्त पडते.