इमर्ज कोणाला विचारतो?

जेंटू लिनक्स वापरणारा माणूस रात्री झोपण्यापूर्वी संगणकाला काम लावून देतो. साठ-सत्तर पॅकेजेस नव्याने कंपाइल व्हायची असतात. प्रोसेसर रात्रभर राबेल आणि सकाळच्या चहापर्यंत सगळे आटोपलेले असेल, असा त्याचा हिशोब असतो. सकाळी स्क्रीन जागा करावा तर पंखा थंड, आणि स्क्रीनवर एकच ओळ: ही पॅकेजेस बसवू का, हो की नाही? संगणक आठ तास त्या एका उत्तराची वाट पाहत बसलेला.

यात बिघाड कुठेच नाही. पॅकेज मॅनेजरने सांगितल्याप्रमाणे विचारले. त्याला कामाला लावणाऱ्या, पुनर्बांधणीच्या अवजारानेही आपले काम नीट केले. कधी काळी स्वतःच्या सोयीसाठी सेटिंगमध्ये लिहिलेला एक शब्द या दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला, इतकेच. हा शब्द आपल्या हातांनी लिहिलेला असतो, म्हणूनच तो शेवटपर्यंत ध्यानात येत नाही.

जेंटू ही डॅनियल रॉबिन्स यांची निर्मिती. आधी तिचे नाव इनॉक होते. पुढे पेंग्विनांमध्ये सर्वांत वेगाने पोहणाऱ्या जेंटू पेंग्विनचे नाव तिला मिळाले आणि 2002 च्या मार्चअखेरीस 1.0 ही आवृत्ती आली. रॉबिन्स यांनी फ्रीबीएसडीची पोर्ट्स पद्धत पाहिली होती आणि त्या धर्तीवर पोर्टेज उभे राहिले. पायथन आणि बॅशमध्ये लिहिलेल्या या पॅकेज मॅनेजरची रोजची कमांड म्हणजे इमर्ज. डेबियन किंवा उबुंटूमध्ये तयार पॅकेज येते आणि बसते. जेंटूत मुख्यतः सोर्स कोड येतो आणि तो तुमच्याच संगणकावर, तुम्ही निवडलेल्या सोयींसह कंपाइल होतो. घरी दळून आणलेल्या पिठासारखे हे आहे. वेळ जातो, पण जाडसर हवे की बारीक ते आपण ठरवतो.

घरच्या दळणाला एक जबाबदारी चिकटलेली असते. लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्राम सामायिक लायब्ररींवर उभे असतात. एक लायब्ररी शंभर प्रोग्राम वाटून घेतात आणि प्रत्येकाने तिचे आवृत्तीसकट नाव आपल्यापाशी नोंदवलेले असते. ते नाव बदलले की नोंद खोटी ठरते. एक्स्पॅट ही एक्सएमएल वाचणारी छोटीशी लायब्ररी 1.95 वरून 2.0 वर गेली, तेव्हा तिच्या फाइलच्या नावातला शेवटचा आकडा शून्याचा एक झाला. जेंटूवर त्या एका आकड्याने डेस्कटॉपवरचे कितीतरी प्रोग्राम उघडेनासे झाले. पीएनजी चित्रांची लायब्ररी 1.2 वरून 1.4 वर गेली तेव्हाही हीच कथा. डेबियनमध्ये अशा वेळी अवलंबून असलेली पॅकेजेस प्रकल्पाच्या सर्व्हरवर पुन्हा बांधली जातात, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. जेंटूत मात्र ती घरीच बांधावी लागतात.

त्यासाठी जेंटूलकिट या संचात रिव्हडेप-रिबिल्ड नावाचे अवजार आले. मला ते फार आवडते, कारण त्याच्या मूळच्या, बॅशमधल्या रूपाची रीत जुन्याजाणत्या मिस्त्रीसारखी आहे. आधी ते घरातला प्रत्येक प्रोग्राम आणि प्रत्येक लायब्ररी गोळा करते. मग एकेकाला विचारते, तुला लागणारे सगळे जागेवर सापडते का? ज्याचे काही सापडत नाही, ती फाइल कोणत्या पॅकेजची आहे हे शोधते. मग कोणते आधी बांधायचे आणि कोणते नंतर, हा क्रम लावते. शेवटी इमर्जला ‘वनशॉट’ हा पर्याय देऊन कामाला लावते, म्हणजे पॅकेज पुन्हा बांधले जाते, पण तुम्ही स्वतः मागवलेल्या पॅकेजेसच्या यादीत त्याची भर पडत नाही. प्रत्येक पायरीचा निकाल ते फाइलमध्ये जपून ठेवते. मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून मोजदाद नको. पर्लची आवृत्ती बदलली की तिच्या मॉड्यूल्ससाठी पर्ल-क्लीनर, हॅस्केलसाठी हॅस्केल-अपडेटर, अशी त्याची भावंडेही आहेत. सगळी शेवटी इमर्जच्याच दाराशी येतात.

त्याच दारावर मालकाने एक पाटी लावलेली असते. पोर्टेजच्या मेक डॉट कॉन्फ या फाइलमध्ये ‘इमर्ज डीफॉल्ट ऑप्ट्स’ नावाची ओळ लिहिता येते. तिथे जे पर्याय लिहाल ते इमर्जच्या प्रत्येक हाकेला आपोआप जोडले जातात. किती पॅकेजेस एकाच वेळी बांधायची हे सांगणारा ‘जॉब्स’, यंत्रावर भार किती येऊ द्यायचा हे सांगणारा ‘लोड-ॲव्हरेज’, आणि काहीही करण्यापूर्वी विचारायला लावणारा ‘आस्क’. शेवटचा पर्याय शहाणपणाचा आहे, ज्याने एकदा न बघता अर्धी सिस्टिम बदलून टाकली तो हा पर्याय लिहितोच. पण इमर्जला हाक मारणारा माणूस आहे की स्क्रिप्ट, हे त्या ओळीला कळत नाही.

‘आस्क’चा त्रास निदान दिसतो तरी. ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या क्रॉनमधून काम लावले असेल तर इमर्ज पाहतो की समोर टर्मिनलच नाही, तसे सांगतो आणि बाहेर पडतो. एखाद्या स्क्रिप्टने इमर्जचे बोलणे फाइलकडे वळवले असेल तर मामला जास्त वाईट, कारण प्रश्न त्या फाइलमध्ये जातो आणि माणसाला वाटते कंपाइल चालू आहे.

खरी काळजी मला न दिसणाऱ्या पर्यायांची वाटते. कोणी त्या ओळीत ‘अपडेट’ लिहून ठेवले, तर इमर्ज आधीच ताजे असलेले पॅकेज वगळतो. मोडलेले पॅकेज बहुतेक वेळा ताजेच असते, फक्त त्याचा जोड निखळलेला असतो. परिणामी अवजार पॅकेजेसची नावे देते, इमर्ज म्हणतो करण्यासारखे काही नाही, आणि दोघेही खरे बोलत असतात. ‘ट्री’ लिहिले तर यादी उलटी छापली जाते, अवलंबून असलेले वर आणि पाया खाली. इमर्जची यादी वाचून बांधणीचा क्रम ठरवणाऱ्या स्क्रिप्टने ती तशीच घेतली तर घर छपरापासून बांधायला घेतल्यासारखे होते. आणि ‘यूजपीकेजी’ लिहिले असेल, तर इमर्ज सोर्सऐवजी आधी बांधून ठेवलेले तयार पॅकेज उचलतो. ते जुन्या लायब्ररीशी जोडलेले असेल, तर मोडकी वस्तू काढून तिच्या जागी तशीच मोडकी वस्तू बसते. तपासणी पुन्हा केली की तीच यादी समोर येते. हे चक्र कितीही वेळा फिरवा, ते सुटत नाही. डिसेंबर 2023 पासून जेंटूने स्वतःच तयार पॅकेजेस मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात केली आहे. त्यामुळे हा पर्याय आज पूर्वीपेक्षा अधिक जणांच्या सेटिंगमध्ये असणार.

अवजारे लिहिणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती. रिव्हडेप-रिबिल्डच्या बॅशमधल्या रूपात क्रम लावण्यापुरती ही ओळ बाजूला ठेवून तिच्या जागी अवजाराचे स्वतःचे पर्याय घातले जात. पोर्टेजनेही ‘इग्नोर डीफॉल्ट ऑप्ट्स’ हा पर्याय दिला आहे. तो दिला की पाटीकडे कोणी बघत नाही. पण हा उपाय सरसकट आहे. ‘आस्क’बरोबर ‘जॉब्स’ही जातो. सोळा कोअरच्या यंत्रावर एकेक पॅकेज रांगेत उभे राहते, आणि कमी मेमरीच्या यंत्रावर भाराला घातलेली मर्यादाही सुटते. मला नेमका उपाय पटतो. कमांडमध्येच ‘आस्क’ला स्पष्ट नाही म्हणावे, ‘यूजपीकेजी’लाही नाही म्हणावे, आणि ‘अपडेट’मुळे होणारी गाळणी थांबवायला ‘सिलेक्टिव्ह’ला नाही म्हणावे. उरलेले पर्याय मालकाच्या मर्जीने चालू द्यावेत.

ही अडचण एकट्या जेंटूची नाही. जीएनयू ग्रेपमध्ये ‘ग्रेप ऑप्शन्स’ नावाचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल होते. लोक त्यात रंगाची किंवा ओळ-क्रमांकाची आवड लिहीत आणि ती आवड प्रत्येक स्क्रिप्टच्या पोटात शिरे. 2014 मध्ये 2.21 या आवृत्तीने ते कालबाह्य ठरवले आणि 2020 मध्ये 3.6 ने त्याचा परिणामच काढून टाकला. डेबियनची एपीटी कमांड स्क्रिप्टमध्ये वापरली तर ती स्वतःच बजावते की माझे बोलणे स्थिर नाही, जपून वापरा. त्या कामासाठी एपीटी-गेट आहे. एक बोली माणसासाठी आणि दुसरी यंत्रासाठी, अशी ही सोय आहे आणि मला ती सर्वांत योग्य वाटते.

पोर्टेज मात्र वेगळ्या दिशेने पुढे गेले. जुनी लायब्ररी तिचे सर्व ग्राहक नव्याने बांधले जाईपर्यंत जागेवर ठेवण्याची सोय आली. पॅकेज कसे बांधायचे ते सांगणारी पाककृती लिहिण्याचे नियम म्हणजे ईएपीआय. 2012 मध्ये मंजूर झालेल्या ईएपीआय 5 मुळे त्या पाककृतीतच लिहिता येऊ लागले की अमुक लायब्ररीचा जोड बदलला तर मला पुन्हा बांधा. आता बरीचशी पुनर्बांधणी इमर्ज स्वतःच ओळखतो आणि रिव्हडेप-रिबिल्ड क्वचित चालवावे लागते. तरी ते हाताशी असावे, असे माझे मत आहे. पाककृतीत जोड लिहायचा राहून गेला, तर मोडलेली फाइल शोधून काढणारे तेच आहे.

जेंटू वापरत असाल तर आज मेक डॉट कॉन्फ उघडून ती ओळ वाचा. ‘जॉब्स’ आणि ‘लोड-ॲव्हरेज’ तिथेच राहू द्या. ‘आस्क’, ‘अपडेट’, ‘ट्री’ दिसले तर तिथून काढून आपल्या बॅशच्या एलियासमध्ये ठेवा. एलियास फक्त तुम्ही टाइप केलेल्या कमांडला लागतो, स्क्रिप्टला नाही. ‘यूजपीकेजी’ हवे असेल तर ठेवा, पण पुनर्बांधणीच्या वेळी त्याला नाही म्हणायला विसरू नका. आणि इमर्जला हाक मारणारी स्क्रिप्ट तुम्ही स्वतः लिहीत असाल, तर तिला काय हवे आणि काय नको ते तिच्यातच लिहा.