हिब्रूत बोलणारी मॉस्कोची मंडळी

३१ जानेवारी १९२२ रोजी मॉस्कोत ‘डिबुक’चा पहिला प्रयोग झाला. नाटक हिब्रूत, आणि समोरच्या बऱ्याच प्रेक्षकांना त्या भाषेचा गंध नव्हता. दिग्दर्शक येव्गेनी वाख्तांगोव आर्मेनियन; हिब्रू त्यांनाही येत नव्हती. ‘हबिमा’ या नाट्यसंस्थेचं नाव झालं ते या प्रयोगाने.

लेखक एस. आन्स्की यांनी ज्यू खेड्यापाड्यांत हिंडून लोककथा गोळा केल्या होत्या. त्यांतून हे नाटक उभं राहिलं. त्यांनी ते रशियनमध्येही लिहिलं होतं. हिब्रू अवतार कवी ब्यालिक यांचा. लग्नाच्या दिवशी लेआ या नवरीला तिच्या मृत प्रियकराचा आत्मा झपाटतो आणि तिच्या तोंडून बोलू लागतो, एवढीच गोष्ट. वाख्तांगोवनी तिला दुसरीच धार लावली. लग्नघरी जेवायला आलेले भिकारी त्यांनी रंगवलेल्या चेहऱ्यांनी आणि वाकड्यातिकड्या अंगांनी असे नाचवले, की यजमान शेटजीच केविलवाणा दिसावा. शब्द कळत नसलेल्या दिग्दर्शकाने सगळा भार आवाजाची पट्टी, हात आणि ताल यांवर टाकला. माझ्या मते, भाषा येत असती तर हे नाटक इतकं चांगलं बसलं नसतं! तालमी चालू असताना ते कर्करोगाने खंगत होते. मे महिन्यात गेले.

हबिमाचा घाट आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांसारखा होता: नटच मालक, निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचे. नाहूम झेमाख यांनी १९१७ च्या सुमारास ती बांधली, दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्कींनी पाठीवर हात ठेवला, लेखक गॉर्कींनी कौतुक केलं. बोल्शेविक पक्षाच्या ज्यू विभागाला मात्र ती खुपत होती. त्यांच्या लेखी हिब्रू ही धर्माची आणि झायोनिझमची भाषा, कष्टकऱ्यांची भाषा यिडिश. १९२६ मध्ये मंडळी दौऱ्यावर बाहेर पडली ती परतलीच नाही. अमेरिकेत फूट पडली, झेमाख तिथेच राहिले. उरलेल्यांनी १९३१ मध्ये तेल अवीवमध्ये कायमचं बिऱ्हाड केलं. १९५८ साली हबिमाला इस्रायलच्या राष्ट्रीय रंगभूमीचा मान मिळाला. अभिनेत्री हान्ना रोविना यांची पांढऱ्या पोशाखातली, लांब वेण्यांची लेआ तोवर दंतकथा झाली होती. साठीनंतरही त्या नवरीच्या भूमिकेत उभ्या राहत. अशा हट्टाला थोडं हसावं आणि तिकीटही काढावं.

सोव्हिएत संघ कोसळत असताना, १९९१ मध्ये, हाच प्रवास पुन्हा घडला, पण भाषेचा पेच उलटा होता. मॉस्कोहून इस्रायलमध्ये आलेले दिग्दर्शक येव्गेनी आर्ये यांनी स्थलांतरित नटांना घेऊन ‘गेशेर’ हे थिएटर काढलं. सुरुवात रशियन प्रयोगांनी झाली. मग हिब्रू आली आणि नटांनी संवाद केवळ उच्चारांवरून पाठ केले. हबिमाच्या काळी भाषा प्रेक्षकांना परकी होती, इथे ती बोलणाऱ्यांनाच परकी. दोस्तोयेव्स्कीचा ‘इडियट’ त्यांनी सुरुवातीच्या वर्षांतच रंगमंचावर आणला. उच्चारांतला रशियन हेल लपत नसे, आणि तो लपायला हवा असं मला तरी वाटत नाही. पीटर्सबर्गच्या दिवाणखान्यातली माणसं जाफाच्या नाट्यगृहात हिब्रू बोलणार असतील, तर थोडा हेल त्यांच्या हक्काचाच आहे.